घरांतील जाणतें माणूस

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या वादविवादमंडळाची एक सभा झाली. वयोमानाच्या अधिकारानें अध्यक्षस्थान आमच्याकडे आलें होतें. विषय असा होता कीं, खेडोपाडीं पुरेसे डॉक्टर मिळत नाहींत तोंवर थोडेंबहुत शिक्षण दिलेल्या गांवच्याच बायकांवर आरोग्याचें काम सोंपविणें न्यायाचें आहे काय? अनुकूल बाजूच्या वक्त्यांनीं आंकडे सांगितले, प्रतिकूल बाजूच्या वक्त्यांनीं धोके सांगितले, आणि उभयपक्षीं थोडें थोडें सत्य आहे असा नेहमींचा समारोप करण्याच्या तयारींत आम्ही होतों. इतक्यांत मागच्या बांकावरून एक विद्यार्थी उठला. दुष्काळी भागांतील एका खेड्यांतून आलेला, एरवीं वर्गांत फारसा न बोलणारा असा हा मुलगा. त्यानें आम्हांस एकच प्रश्न विचारला: "सर, आपल्या घरीं तान्हें मूल आजारी पडलें, तर आपण त्याला आशाताईंकडे न्याल काय?" आम्हीं कांहीं तरी सभ्यपणें बोललों आणि सभा संपली. परंतु आम्हीं दिलें तें उत्तर नव्हतें, हें आम्हांसही कळलें होतें आणि त्या विद्यार्थ्यासही. राहून गेलेलें तें उत्तर शोधण्याचा येथें विचार आहे.

कोणताही आक्षेप खोडण्यापूर्वीं तो त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडला पाहिजे. त्या विद्यार्थ्याचा आक्षेप असा: जीव सर्वांचा सारखा. प्राध्यापकाच्या नातवाला बालरोगतज्ज्ञ लागत असेल, तर शेतमजुराच्या नातवालाही तोच लागतो. कारण दोघांच्या फुप्फुसांची रचना एकच. असें असतां शेतमजुराच्या बाळाला आठवी शिकलेली शेजारीण पुरे, असें म्हणणें म्हणजे दुय्यम माणसांसाठीं दुय्यम वैद्यक निर्माण करणें होय. जी व्यवस्था आम्ही दुसऱ्यास उत्तम म्हणून सुचवितों पण स्वतःच्या घरांत घेत नाहीं, तिच्याविषयीं संशय येणें स्वाभाविक आहे.

यावर सामान्यतः असें उत्तर देण्यांत येतें कीं, ही डॉक्टर येईपर्यंतची तात्पुरती सोय आहे. हें उत्तर आम्हांस लंगडें वाटतें, कारण अनुभव असा कीं डॉक्टर येत नाहीं. वेल्समधील ग्लिनकोरुग नांवाच्या खाणकामगारांच्या गांवीं वैद्यकी करणाऱ्या ज्यूलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनीं १९७१ सालीं 'लान्सेट' या नियतकालिकांत एक निबंध लिहून या अनुभवास नियमाचें रूप दिलें. त्याचें सार असें कीं, जेथें चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज अधिक, तेथेंच ती कमी मिळते. आणि ही सेवा जितकी बाजाराच्या हातीं सोडावी तितका हा नियम अधिक कठोर होतो. पाऊस समुद्रावर पडावा आणि माळ कोरडा राहावा, असाच हा प्रकार. सोय तात्पुरती म्हणावी आणि ती पिढ्यानपिढ्या चालावी, तर तात्पुरती हा शब्द केवळ मनाचें समाधान करण्यापुरता उरतो.

आमच्या देशांत या प्रश्नाचा विचार स्वातंत्र्यापूर्वींच झाला होता. नाशकास जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं एक समिती नेमण्यांत आली व तिनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्याच कारणानें कोणीही मनुष्य योग्य उपचारांवांचून राहूं नये, हें त्या अहवालाचें पायाभूत तत्त्व होतें. पुढें सप्टेंबर १९७८ मध्यें, त्या वेळच्या सोव्हिएत संघराज्यांतील अल्मा-आटा या शहरीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं भरविलेल्या परिषदेंत १३४ राष्ट्रांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले. आरोग्य हा मनुष्याचा मूलभूत हक्क आहे. त्याची पहिली पायरी लोक जेथें राहतात व राबतात तेथेंच असली पाहिजे. स्वच्छ पाणी, पुरेसें अन्न, माता व बालक यांची काळजी, रोगप्रतिबंधक लस व जरुरीचीं औषधें यांची फारकत होऊं नये. आणि या साऱ्याची आंखणी करण्यांत भाग घेणें हा लोकांचा हक्क व कर्तव्यही आहे, असें तेथील जाहीरनाम्यांत म्हटलें होतें. सन २००० पर्यंत सर्वांस आरोग्य, हें ध्येय त्या काळीं सर्वतोमुखीं झालें. त्या वेळचे संघटनेचे प्रमुख हाफडान माहलर हे डेन्मार्कचे; पण क्षयरोगाविरुद्धच्या कार्यांत त्यांनीं अनेक वर्षें हिंदुस्थानांतच घालविलीं होतीं.

जाहीरनाम्याची शाई वाळते न वाळते तोंच, १९७९ सालीं, दुसरा एक विचार पुढें आला. इतकें सर्व एकदम करणें गरीब देशांस परवडणार नाहीं. म्हणून ज्या थोड्या रोगांवर स्वस्त व हमखास उपाय आहेत तेवढे निवडून घ्यावे, असें कांहीं तज्ज्ञांनीं सुचविलें. या विचारास आम्ही सरसकट दोष देणार नाहीं. त्यांतून लस घरोघर गेली आणि असंख्य मुलें जगलीं. परंतु एक गोष्ट मागें पडली. उपायांची यादी दूर कोठें तरी तयार होऊं लागली. ज्यांच्यासाठीं ती होती त्यांस विचारण्याचें कारण उरलें नाहीं. सन २००० आलें आणि गेलें. २०१८ च्या ऑक्टोबरांत त्याच कझाकस्तानांत, अस्ताना येथें, राष्ट्रांनीं चाळीस वर्षांपूर्वींची प्रतिज्ञा पुन्हां एकदां उच्चारली. जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांच्या हिशेबाप्रमाणें २०२१ सालीं जगांतील सुमारें साडेचारशें कोटी माणसांस आवश्यक आरोग्यसेवा पूर्णपणें मिळत नव्हत्या.

मग तें तत्त्वच चुकीचें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं; आणि कां वाटत नाहीं हें दोन प्रसंगांवरून स्पष्ट होईल.

पहिला प्रसंग १९७१ मधील. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळीं निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधील बनगांव येथें येऊन पोंचले आणि छावण्यांत पटकी माजली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें, तें देणारीं शिकलेलीं माणसें तर मुळांतच थोडीं. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें मिश्रण पाण्यांत कालवून तें रोग्यांच्या आयांच्या, भावांच्या, बायकोच्या हातीं दिलें आणि पाजीत राहा म्हणून सांगितलें. जेथें शेंकडा तीसच्या आसपास रोगी मरत होते, तेथें हें प्रमाण चारांच्या खालीं आलें. पुढें १९७८ सालीं 'लान्सेट'नें या उपचारास शतकांतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून गौरविलें. मीठसाखरेचें पाणी ही कांहीं मोठी विद्या नव्हे. ती रोग्याच्या आईच्या हातीं देण्यास डॉक्टरानें तयार व्हावें, यांतच खरा मोठेपणा होता.

दुसरा प्रसंग आमच्या महाराष्ट्रांतील. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यांत काम करीत आहे. तेथील ३९ खेड्यांत त्यांनीं गांवांतीलच स्त्रियांस नवजात बालकांची देखभाल शिकविली. बाळाचें वजन करावें, त्यास ऊब द्यावी, आईस अंगावर पाजण्यास मदत करावी, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखावीं, आणि प्रसंगीं आईबापांच्या संमतीनें जंतुनाशक औषधाचें इंजेक्शनही द्यावें. १९९३ ते १९९५ या काळांत तेथें दर हजार जन्मांमागें ६२ बालकें पहिल्या अठ्ठावीस दिवसांच्या आंत दगावत. १९९७-९८ मध्यें ही संख्या सुमारें २५ वर आली. तुलनेसाठीं घेतलेल्या शेजारच्या ४७ खेड्यांत मात्र ती साठाच्या घरांतच राहिली. गांवच्या बाईच्या हातीं सुई द्यावी काय, ही शंका त्या वेळीं पुष्कळांनीं घेतली. ती अगदींच अनाठायीं होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्यांच्याशीं तुलना करावयाची ते बालरोगतज्ज्ञ तेथें होते कोठें? तान्हें बाळ घेऊन रुग्णालय गांठणारे आईबाप तेथें अगदीं विरळा. म्हणून खरी तुलना त्या बाईची व तज्ज्ञाची नव्हतीच. ती बाई आणि कोणीच नाहीं, यांमधील होती.

येथवर आमचा विद्यार्थी मान हालवील, पण त्याचें समाधान होणार नाहीं. तो म्हणेल, "कोणीच नसण्यापेक्षां बरें, हें मीही जाणतों. मी विचारलें तें आपल्या घराविषयीं." म्हणून आतां घराविषयींच बोललें पाहिजे.

मागल्या हिवाळ्यांत आमच्या कन्येचें दीड महिन्याचें बाळ आमच्या घरीं तापानें फणफणलें. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्या रात्रीं बाळाकडे प्रथम कोणी पाहिलें, याचा आम्ही पूर्वीं कधीं विचारच केला नव्हता. त्या प्रश्नानें तो करावयास लावला. प्रथम पाहिलें तें आमच्या सौभाग्यवतींनीं. बाळ नीट ओढीत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. मग कन्येनें तापमापक लावला. तो घरांत होता व तो वाचतां येणारीं माणसेंही होतीं. आमचा पुतण्या डॉक्टर आहे. त्यास दूरध्वनि केला. त्यानें विचारलें, एका मिनिटांत श्वास किती? आम्ही घड्याळ घेऊन बसलों आणि मोजले. ते साठांच्या वर होते. "एक क्षणही थांबूं नका," असें तो म्हणाला. दारांत गाडी होती, खिशांत पैसे होते. अर्ध्या तासांत आम्ही तज्ज्ञांच्या दारीं होतों. बाळ वांचलें, आणि तज्ज्ञांनीं वांचविलें असें आम्ही सर्वांस सांगत सुटलों.

तें खोटें नव्हतें, पण अर्धेंच खरें होतें. तज्ज्ञांपर्यंत पोंचण्याच्या आधीं चार माणसांनीं वैद्याचें काम केलें होतें, आणि त्यांपैकीं एकासही आम्हीं वैद्यकीय सेवेंत जमेस धरलें नव्हतें, कारण त्यांस फी द्यावी लागली नव्हती. आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांत असें एक तरी जाणतें माणूस असतें. ताप केव्हां साधा व केव्हां धोक्याचा, हें त्यास कळतें. कोणत्या दारीं जावें हें ठाऊक असतें. आणि दारावरच्या शिपायाशीं न भितां बोलण्याची संवयही असते. शेतमजुराच्या घरीं प्रेमाची उणीव नसते. हें माणूस मात्र बहुधा नसतें. पूर्वींची जाणती आजी नव्या औषधांपुढें निरुत्तर झाली आहे आणि नवी विद्या घरापर्यंत आलेली नाहीं. गडचिरोलीची ती आरोग्यदूत स्त्री बाळाचे श्वास मोजते आणि साठ हाच आंकडा पाहते. ज्यांस आंकडे येत नव्हते अशा सुइणींसाठीं बंग दांपत्यानें मण्यांचें एक साधें साधन केलें होतें. म्हणजे आमच्या पुतण्यानें दूरध्वनीवरून जें केलें, तेंच ती करते. ती तज्ज्ञाच्या जागीं आलेली नाहीं. आमच्या घरांत जें माणूस फुकट लाभलें आहे, त्याच्या जागीं ती आली आहे.

आमच्या जुन्या वैद्यकास ही गोष्ट अपरिचित नव्हती. चिकित्सेचे चार पाय चरकसंहितेंत सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. यांत वैद्य प्रमुख खरा, पण तो एकटा नाहीं. परिचारकाच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हवी. आणि रोग्याच्या गुणांत आपलें दुखणें नीट सांगतां येणें, म्हणजे ज्ञापकत्व, हाही एक गुण मोजला आहे. सुखवस्तु माणसाच्या चिकित्सेस चारी पाय असतात. गरिबास आम्ही फार तर एका पायाचें आश्वासन देतों, आणि ती चौकी उभी राहत नाहीं म्हणून नवल करितों.

आतां असें असेल, तर त्या विद्यार्थ्याचा आक्षेप नाहींसा होतो काय? आमच्या मतें नाहीं. उलट तो आतां अधिक नेमका होतो. तीन बाबतींत त्याचें उत्तर देणें समाजाकडे राहतें.

पहिली बाब शिडीची. आमच्या घरच्या जाणत्या माणसाच्या शब्दास मोल आलें, तें मागें गाडी, पैसा व तज्ज्ञ उभे होते म्हणून. या आधाराविना ती बाई केवळ वाईट बातमी लवकर सांगणारी ठरेल. चीनमध्यें १९६८ नंतर 'अनवाणी डॉक्टर' या नांवानें शेतकऱ्यांतूनच तयार केलेले लक्षावधि आरोग्यसेवक कामास लागले. त्यांच्या मागें गांवच्या सामूहिक शेतीचा पैसा उभा होता. १९८० नंतर सामूहिक शेती मोडली, तो पैसा आटला, बहुतेक खेड्यांतील सहकारी आरोग्ययोजना कोसळल्या आणि रोग्यास पुन्हां आपल्या खिशाकडे पाहावें लागलें. १९८५ मध्यें 'अनवाणी डॉक्टर' हें नांवही सोडून देण्यांत आलें. पहिली पायरी मजबूत करून वरच्या पायऱ्या काढून घेतल्या, तर ती शिडी नव्हे, तो नुसता पाट होय.

दुसरी बाब ऐकण्याची. गडचिरोलीच्या आदिवासींस जेव्हां विचारण्यांत आलें कीं तुम्ही रुग्णालयांत कां येत नाहीं, तेव्हां ते म्हणाले कीं, तेथील लोक पांढरीं वस्त्रें घालतात. पांढरें आम्ही प्रेतावर घालतों. प्रेताचा वेष घेतलेलीं माणसें आम्हांस कशीं जगवितील? शिवाय तेथें आमचीं माणसें जवळ राहूं देत नाहींत आणि आमची देवता दंतेश्वरीही तेथें नाहीं. हें ऐकून तेथील रुग्णालय त्यांच्या झोंपड्यांसारखें बांधलें गेलें व त्यास माँ दंतेश्वरीचें नांव मिळालें. याच जिल्ह्यांतील दोन गांवांत साडेसहाशें स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हां शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोग आढळले. आणि पूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा फक्त ८ होत्या. १९८९ सालीं हें प्रसिद्ध झालें. त्या स्त्रियांस आपलें दुखणें सांगतां येत नव्हतें असें नाहीं. ऐकणारें कोणी नव्हतें. नगर जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं काम आरंभिलें, तेव्हां लोकांनीं औषधाआधीं पाणी व अन्न मागितलें. दुष्काळांत कूपनलिका खणतांना त्यांनीं त्या पुष्कळशा दलित वस्त्यांत खणविल्या. पाण्यासाठीं साऱ्या गांवास तेथें यावें लागलें. एकाच कृतींत पोटाचा रोग व मनाचा रोग या दोहोंवर औषध झालें. पुढें त्याच गांवांतील अनेक निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि त्यांच्या हातचें पाणी न पिणारांच्या घरीं बाळंतपणास बोलाविल्या जाऊं लागल्या.

तिसरी बाब वेतनाची. आणि येथें आम्हां सुशिक्षितांस मान खालीं घालावी लागते. २००५ पासून आमच्या देशांत गांवोगांव आशा नेमण्यांत आल्या. आज त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला व आम्ही सर्वांनीं अभिमानानें ती वार्ता वाचली. परंतु सरकारी भाषेंत त्या 'स्वयंसेविका' आहेत. त्यांस कामांगणिक मोबदला मिळतो. नोकरदाराचें वेतन व निवृत्तिवेतन मिळत नाहीं. २०२४ च्या आरंभीं महाराष्ट्रांतील हजारों आशा आपल्या मागण्यांसाठीं मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसल्या होत्या. सेवाभाव हा थोर गुण आहे. पण तो ज्याचा त्यानें स्वतःहून दाखवावयाचा असतो, दुसऱ्याकडून वसूल करावयाचा नसतो. आम्ही प्राध्यापकही विद्यादानाचें पवित्र कार्य करितों. तरी महिन्याच्या पहिल्या तारखेस वेतन न आल्यास आमचें पावित्र्य किती टिकतें, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

तर मग त्या प्रश्नाचें उत्तर काय? आमच्या घरीं मूल आजारी पडलें तर आम्ही त्यास आशाताईंकडे नेणार नाहीं. कारण त्यांच्या ठिकाणीं असणारें माणूस आमच्या घरांतच आहे, आणि तेंच आम्हांस वेळेवर पुढच्या दारीं नेतें. हें माणूस प्रत्येक घराच्या हांकेच्या अंतरावर असणें, ही कोणी कोणावर केलेली दया नव्हे. ज्याच्याजवळ तें आधींच आहे त्यानें दुसऱ्याचें देणें लागतें तें हें. आणि हें देणें फिटलें कीं नाहीं याची कसोटी फार सोपी आहे. ज्या रात्रीं आमच्या बाळाचे श्वास साठांच्या वर गेले, त्याच रात्रीं शेतमजुराच्या बाळाचे गेले, तर तेंही उजाडण्यापूर्वीं तज्ज्ञाच्या हातीं पोंचतें काय, आणि त्याच्या बापास त्यासाठीं गाय विकावी लागत नाहीं ना? जेथें याचें उत्तर होय असें मिळेल, तेथें गांवची आरोग्यसेविका ही न्यायाची पहिली पायरी आहे. जेथें तें नाहीं असें मिळेल, तेथें तो विद्यार्थी बरोबर आहे आणि आम्ही चुकत आहों.

तो मुलगा सध्यां परीक्षा आटोपून गांवीं गेला आहे. हा अंक छापून आल्यावर त्याची एक प्रत आम्ही त्याच्या पत्त्यावर धाडणार आहों. सभेंत द्यावयाचें उत्तर इतक्या उशीरानें दिल्याबद्दल तो आम्हांस क्षमा करील अशी आशा आहे. कसोटीच्या बाबतींत मात्र त्यानें आम्हां कोणासही क्षमा करूं नये.